नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (इ.स. १८४८, ठाणे – ९ फेब्रुवारी १८९७, मुंबई) हे भारतातील कामगार चळवळीचे आद्य नेते, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि दीनबंधु या मराठी वृत्तपत्राचे संपादक होते. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे पुढारी म्हणून ते सर्वत्र ओळखले जातात. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मांडल्या गेलेल्या पाच मागण्यांपैकी सुट्टी ही एक होती. कामावर जखमी झालेल्या आणि हातापायाने अधू झालेल्या कामगाराच्या उपजीविकेची जबाबदारी गिरणीने घ्यावी, ही त्यांतील पाचवी मागणी त्या काळाच्या कितीतरी पुढची होती. तिची मात्र फारशी आठवण ठेवली जात नाही.

पूर्वायुष्य

लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर येथील. फुलमाळी समाजातील हे कुटुंब उपजीविकेसाठी ठाण्यास आले व तेथेच नारायणरावांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले. शिक्षणानंतर त्यांनी काही काळ रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईतील मांडवी येथील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर, म्हणजे कोठीचे कारकून, म्हणून लागले.

ही नोकरी त्यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. कोठीच्या कारकुनाचा संबंध गिरणीच्या प्रत्येक खात्याशी येतो. पट्टे, तेल, बॉबिन, कांड्या, दुरुस्तीचे सुटे भाग यांसाठी जॉबरपासून साच्यावरच्या कामगारापर्यंत सर्वांची ये-जा त्याच्याकडे असते. लोखंडे स्वतः यंत्रावर उभे राहिले नाहीत, पण यंत्रावर उभे राहणाऱ्यांना त्यांनी रोज जवळून पाहिले. त्या काळी कामगारांच्या वतीने बोलणारे बहुतेक सद्गृहस्थ गिरणीच्या फाटकाबाहेरचे होते. लोखंडे यांच्या मागण्यांत जो नेमकेपणा दिसतो, तो या फरकातून आला असावा.

सत्यशोधक समाज आणि दीनबंधु

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. मुंबईत समाजाचे काम उभे राहिले तेव्हा लोखंडे त्यात अग्रभागी होते. मुंबईतील तेलुगू भाषक सत्यशोधक मंडळींचे मोठे पाठबळ या कामास लाभले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले दीनबंधु हे वृत्तपत्र आर्थिक अडचणींमुळे बंद पडले होते. ते लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईहून पुन्हा सुरू केले व अखेरपर्यंत चालविले.

शेतकरी, कारागीर आणि गिरणी कामगार यांचे प्रश्न नियमितपणे छापणारे दीनबंधु हे मराठीतील पहिलेच महत्त्वाचे पत्र होय. याच सत्यशोधक वर्तुळातून १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुष तुलना हा निबंध बाहेर पडला, हे येथे सहज नोंदवावेसे वाटते. मुंबई-पुण्याबाहेर, वऱ्हाडच्या घाटावरही ही विचारधारा पोहोचली होती.

गिरणीतील काम आणि कामगाराचे शरीर

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढील तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून हजारो माणसे मुंबईत आली. गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वी काम सूर्याच्या हिशेबाने चाले. उजाडता भोंगा होई आणि अंधार पडला की यंत्रे थांबत. त्यामुळे हिवाळ्यात दिवस सुमारे अकरा तासांचा, तर उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा होई. दुपारच्या जेवणासाठी सर्वांना मिळून अशी निश्चित सुट्टी नव्हती. जो तो शेजाऱ्यावर यंत्र सोपवून दोन घास खाऊन येई.

या कामाचा शरीरावर होणारा परिणाम समजून घेतल्याशिवाय लोखंडे यांच्या मागण्यांचा अर्थ लागत नाही. कापसाची एक पक्की गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोंची असे. ती हलविणे, फोडणे आणि कापूस यंत्रापर्यंत नेणे हे हमालांचे काम होते. कताई खात्यात तुटलेला धागा सांधण्यासाठी कामगाराला चालत्या यंत्रापुढे दिवसभर वाकावे लागे आणि भरलेली बॉबिने काढून रिकामी बसविण्याचे काम लहान मुले करीत. साळखात्यातला विणकर साच्यांसमोर उभा असे, त्याला बसण्याची सोय नसे आणि पायाखाली दगडी फरशी असे. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवली जाई. कंबर, मान, गुडघे आणि मनगटे यांवर असा ताण वर्षानुवर्षे पडत राही.

याशिवाय अपघातांचा धोका होताच. एकाच वाफेच्या इंजिनावर सारी गिरणी चाले. छताखालून फिरणारे दांडे आणि त्यांवरून यंत्रांपर्यंत उतरणारे चामडी पट्टे पुष्कळदा उघडेच असत. पट्ट्यात धोतराचा सोगा अडकणे, दातेरी चाकांत बोटे जाणे, पिंजण्याच्या यंत्राने हात सोलवटणे हे प्रकार घडत.

बोट तुटलेल्या किंवा पाठ धरलेल्या कामगाराचे पुढे काय होई, हा खरा प्रश्न होता. गिरणीत नेमणुकीचा कागद नसे. माणूस ठेवणे किंवा काढणे जॉबरच्या हाती असे आणि फाटकाशी बदली कामगार रोजच उभे असत. चार दिवस घरी राहिलेल्याची जागा पाचव्या दिवशी दुसऱ्याने घेतलेली असे. म्हणून दुखणे असताही माणूस कामावर येई व दुखणे वाढवून घेई. आणि अगदीच निरुपाय झाला की तो कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी परते. गावातील थोडीशी जमीन आणि भाऊबंदांची चूल हाच त्या काळच्या गिरणी कामगाराचा विमा होता. मुंबईचा कामगार गावाशी नाते तोडत नाही म्हणून तो पक्का कामगार होत नाही, अशी तक्रार मालक व अधिकारी पुढेही कितीतरी वर्षे करीत राहिले. शरीर थकल्यावर त्याला सांभाळणारे दुसरे ठिकाणच नव्हते, ही गोष्ट त्या तक्रारीत कोठेच येत नाही.

१८८१ चा कारखाना कायदा

कारखान्यांसाठी भारतात पहिला कायदा १८८१ मध्ये झाला. यामागे शोराबजी शापूरजी बंगाली यांचे प्रयत्न जसे होते, तसाच लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबावही होता. मुंबईचे स्वस्त कापड त्यांना स्पर्धक वाटू लागले होते. या कारणाने देशी वृत्तपत्रांपैकी अनेकांनी कारखाना कायद्याला कडाडून विरोध केला, कारण त्यांच्या मते हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडविण्याचा मँचेस्टरचा डाव होता. लोखंडे यांची भूमिका यापेक्षा वेगळी होती. कायद्याची मागणी करणाऱ्याचा हेतू काहीही असला तरी तेरा तास उभ्या असलेल्या माणसाचे दुखणे खोटे ठरत नाही, हा त्यांच्या लेखनाचा रोख होता. या प्रश्नावर त्यांनी राष्ट्रीय म्हणविणाऱ्या पत्रांचा रोष ओढवून घेतला.

प्रत्यक्षात १८८१ च्या कायद्याने फारच थोडे दिले. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई झाली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आले आणि धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याची व अपघात कळविण्याची तरतूद झाली. प्रौढ पुरुष व स्त्रिया यांच्या कामाच्या तासांविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे कारखानेही या कायद्याने वगळले होते. कापसाच्या प्रदेशात या सवलतीचा अर्थ फार गंभीर होता. मुंबईच्या गिरण्यांचा कापूस खानदेश आणि वऱ्हाडातून येई. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही तेव्हाची मोठी कापूस बाजारपेठ होती. तेथील माल मुख्य रेल्वेमार्गावर आणण्यासाठी जलंबपासून खामगावपर्यंत १८७० मध्ये स्वतंत्र फाटा टाकण्यात आला होता. कापसातील सरकी वेगळी करणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस या पट्ट्यात हंगामापुरतेच चालत आणि तेथे मोठ्या संख्येने स्त्रिया काम करीत. खानदेशातील जिनवाल्यांपैकी एकाने पुढे मुंबईच्या आयोगापुढे दिलेल्या साक्षीत, ऐन हंगामात बायका पहाटे चार-पाच वाजल्यापासून रात्रीपर्यंत आणि प्रसंगी सलग आठ दिवस अहोरात्र काम करतात, असे सांगितले होते. हंगाम तीन महिन्यांचा असला म्हणून पाठीचा कणा तीन महिन्यांपुरता वेगळा होत नाही, हे कायदा करणाऱ्यांना सुचले नाही. अशा हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत येण्यासाठी १९११ साल उजाडावे लागले.

१८८४ चे निवेदन

कायद्यात सुधारणा करावी काय याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये एक आयोग नेमला. मुंबईचे जिल्हाधिकारी डब्ल्यू. बी. म्युलॉक हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगापुढे मालक बोलतील, व्यवस्थापक बोलतील, डॉक्टर बोलतील, पण कामगारांचे म्हणणे कोण मांडणार, या विचाराने लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरविल्या. त्यांतील पहिली २३ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत झाली. भारतातील कामगारांची ही पहिली संघटित सभा मानली जाते. या सभांत संमत झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. बहुसंख्य कामगार निरक्षर असलेल्या काळात एवढ्या सह्या आणि निशाण्या गोळा करणे हे चाळीचाळींतून फिरण्याचे काम होते.

निवेदनात पाच मागण्या होत्या. प्रत्येक रविवारी सर्व कामगारांना पूर्ण दिवस सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी की, काम करताना गंभीर दुखापत होऊन जो कामगार काही काळ असमर्थ होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या उपजीविकेची योग्य तरतूद करावी.

पहिल्या तीन मागण्या शरीर मोडू नये यासाठी आहेत, तर पाचवी ते मोडल्यानंतरची आहे. चौथी पगाराची मागणी यांत वेगळी वाटते, पण तीही तशी नाही. पगार दीड-दोन महिने अडकून राहिला की कामगार मारवाड्याच्या किंवा पठाणाच्या कर्जात जाई आणि कर्जात असलेला माणूस दुखण्यापायी रजा घेऊ शकत नसे.

पाचव्या मागणीचे वेगळेपण

या मागणीची थोरवी कळण्यासाठी त्याच काळातील इतर देशांकडे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्यानुसार जखमी कामगाराला भरपाई हवी असल्यास मालकाची किंवा त्याच्या माणसाची चूक सिद्ध करावी लागे. चूक सिद्ध न करताही भरपाई देणारा कायदा तेथे १८९७ मध्ये, लोखंडे यांच्या मृत्यूच्या वर्षी झाला आणि त्यातही पगाराच्या निम्मीच रक्कम मिळे. जर्मनीत बिस्मार्क यांच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा १८८४ च्या उन्हाळ्यात संमत केला, म्हणजे परळच्या सभेच्या अवघे दोन-तीन महिने आधी. भारतात १८५५ च्या कायद्याने मृताच्या वारसांना दावा लावता येत असे. जिवंत राहिलेल्या पण अधू झालेल्या कामगाराच्या हाती फारसे काही नव्हते.

अशा परिस्थितीत परळच्या सभेने चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. निवेदनात कामगाराने निष्काळजीपणा केला की मालकाने, याची चर्चा नाही. दुखापत कामावर झाली, एवढेच पुरेसे मानले आहे. तसेच तात्पुरते असमर्थ आणि कायमचे असमर्थ असा जो भेद त्यात केला आहे, तोच पुढे जगभरच्या भरपाई कायद्यांचा पाया ठरला. बरा होईपर्यंत पूर्ण पगार या शब्दांत तो बरा झाल्यावर कामावर परतणारच हे गृहीत आहे. मागणीचा हा भाग सर्वांत व्यवहार्य होता, कारण वेळीच विश्रांती मिळालेला कामगार पुढे अनेक वर्षे काम करू शकतो. या मागणीमागे दयेची भावना असली तरी तिची मांडणी हक्काच्या भाषेत आहे. देणगी, धर्मादाय किंवा मालकाचा मोठेपणा यांचा त्यात उल्लेख नाही.

मालकांच्या बाजूने आयोगापुढे जे युक्तिवाद झाले त्यांचा सूर वेगळा होता. हिंदी कामगार सावकाश काम करतो, मधूनमधून विडी ओढण्यास बाहेर जातो, सणासुदीला गैरहजर राहतो, म्हणून त्याला वेगळ्या विश्रांतीची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निश्चित सुट्टी नसल्यामुळेच कामगार अशी चोरटी विश्रांती घेतो, हे उत्तर लोखंडे यांच्या बाजूने देता येण्यासारखे होते व बऱ्याच अंशी ते दिलेही गेले. आयोगाच्या अहवालानंतर काही वर्षे सरकारने काहीच केले नाही.

रविवारची सुट्टी

लोखंडे यांनी पाठपुरावा सोडला नाही. सभा, अर्ज आणि दीनबंधुमधील लेख यांचा क्रम चालू राहिला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली जाहीर सभेत गिरणीतल्या बायकांनी उभे राहून बोलणे ही साधी गोष्ट नव्हती आणि त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत ही खेदाची बाब आहे. सभेने साप्ताहिक सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे पाठविला आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

भारतात रविवारची सुट्टी लोखंडे यांनी सुरू केली, असे विधान अलीकडे समाजमाध्यमांत वारंवार आढळते. ते जसेच्या तसे घेता येत नाही. सरकारी कचेऱ्यांत आणि युरोपीय पेढ्यांत रविवारची सुट्टी आधीपासून होती. गिरणी कामगाराला ती नव्हती आणि जेव्हा यंत्रे बंद असत तेव्हाही पुष्कळदा ती पुसण्यासाठी त्याला बोलावले जाई. लोखंडे यांनी साहेबाची सुट्टी मजुरापर्यंत आणली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने बहुजन समाजातील कामगारांना तो आपलासा वाटेल, हाही विचार त्यामागे होता असे सांगितले जाते.

पाठीच्या आणि सांध्यांच्या दुखण्यांच्या दृष्टीने पाहिले तर पाच मागण्यांपैकी हीच सर्वांत अधिक कामगारांच्या उपयोगी पडली. अपघात थोड्यांना होतो, झीज सर्वांची होते. झिजेवर भरपाई मागता येत नव्हती, तेव्हा आठवड्यातून एक दिवस पाठ टेकविणे हाच एक उपाय हाती होता. या विजयानंतर पाचच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, महात्मा फुले यांचे निधन झाले.

१८९० चा आयोग आणि १८९१ चा कायदा

१८९० मध्ये भारत सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. त्यावर शोराबजी बंगाली हे सदस्य होते आणि मुंबईतील कामकाजासाठी लोखंडे यांना सहयोगी म्हणून घेण्यात आले. गिरणीतल्या कारकुनापासून सुरू झालेला माणूस सरकारी आयोगाच्या टेबलाशी बसून कामगारांच्या साक्षी ऐकत होता. त्यानंतर आलेल्या १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्व कामगारांना दिली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि मुलांचे सात तासांवर. कायदा लागू होण्याची मर्यादा शंभरावरून पन्नास माणसांवर आली. पुरुषांच्या तासांना मर्यादा घातली गेली नाही. दुखापतीच्या भरपाईचा तर विषयच निघाला नाही.

संघटनेचे स्वरूप

लोखंडे यांनी स्थापन केलेल्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला भारतातील पहिली कामगार संघटना म्हणण्याची प्रथा आहे. तिच्या स्थापनेचे वर्ष काही लेखक १८८४, तर काही १८९० देतात. मात्र या संस्थेला सभासदांची यादी, निधी किंवा लिखित नियम नव्हते आणि लोखंडे हे कामगारांचे स्वयंसेवक सल्लागार म्हणून काम पाहत, असे तत्कालीन सरकारी अहवालावरून दिसते. आधुनिक अर्थाने ती ट्रेड युनियन नव्हती, हा अभ्यासकांचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. परंतु संप, वर्गणी आणि कायदेशीर मान्यता यांपैकी काहीही हाती नसताना केवळ अर्ज, सह्या आणि वृत्तपत्र यांच्या बळावर मालकांच्या संघाकडून सुट्टी मिळविली गेली, ही गोष्ट त्या आक्षेपाने लहान होत नाही. ट्रेड युनियनना कायद्याने मान्यता १९२६ मध्ये मिळाली.

इतर सामाजिक कार्य

विधवांच्या केशवपनास विरोध म्हणून १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी या कामावर बहिष्कार घातला, त्यामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली तेव्हा गिरणगावात शांतता राखण्यासाठी त्यांनी सभा घेतल्या. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. सरकारी पदवी आणि मजुरांचे पुढारीपण या दोन गोष्टी आज परस्परविरोधी वाटतात. सत्यशोधक मंडळींना तसे वाटत नसे, कारण इंग्रजी राज्याकडे ते कनिष्ठ जातींना मिळालेली एक संधी म्हणून पाहत.

अखेर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक संनिपाताची, म्हणजे प्लेगची साथ सुरू झाली. पहिले रुग्ण मांडवी भागातच आढळले. शहरातून लोक मोठ्या संख्येने पळून जाऊ लागले आणि गिरण्या ओस पडल्या. सरकारी इस्पितळांची लोकांना इतकी धास्ती होती की रोगी घरात लपविले जात. लोखंडे यांनी कामगारांसाठी वेगळे इस्पितळ काढण्याच्या कामात पुढाकार घेतला व रुग्णांची शुश्रूषा केली. त्यातच त्यांना प्लेगची लागण होऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आतच होते. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही याच रोगाने अंत झाला.

पाच मागण्यांचे पुढे काय झाले

सुट्टी आणि दुपारची विश्रांती लोखंडे यांच्या हयातीत मिळाली. पुरुष कामगारांचे तास गिरण्यांत १९११ च्या कायद्याने बारावर आले. पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ मध्ये झाला. पाचव्या मागणीचा काही भाग १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने पुरा केला. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याच्या परिशिष्टात अंगठा, बोट, हात, पाय अशा अवयवांच्या हानीमुळे कमाईची क्षमता किती टक्के घटते याचे कोष्टक दिले आहे. तात्पुरत्या असमर्थतेसाठी अर्ध्या पगाराच्या आसपास रक्कम ठरली. परळच्या सभेने मागितलेला पूर्ण पगार त्यात नव्हता.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने उपचार आणि रजेच्या काळातील रोख मदत एकत्र आणली आणि कामगार दुखण्यासाठी उपचार घेत असताना त्याला कामावरून काढण्यास मनाई केली. बदली कामगाराच्या भीतीने दुखणे अंगावर काढणाऱ्या माणसाला या एका कलमाने जो आधार दिला, तो भरपाईच्या रकमेपेक्षा मोठा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने, आणि त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढू नये, त्याला जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात ठेवावे, असे सांगितले. २०१६ च्या कायद्यातील ही तरतूद सरकारी आस्थापनांपुरती आहे. जिनमध्ये रोजाने जाणारी स्त्री, बाजार समितीतला हमाल किंवा वीटभट्टीवरचा मजूर यांना ती लागू होत नाही. कंबर आणि गुडघ्यांची हळूहळू होणारी झीज अपघाताच्या व्याख्येत सहसा बसत नाही, कारण ती कोणत्या दिवशी झाली हे सांगता येत नाही.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांचे चित्र असलेले तिकीट काढले. मुंबईतील परळ येथील राज्य शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेस नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था असे नाव देण्यात आले आहे. मनोहर कदम यांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र प्रसिद्ध आहे.